सवड झाली की या

मस्कत
५ जानेवारी २००७

ती. राजश्रीताईस,
दिपेशचा सप्रेम जयभीम.

शुक्रवारी फोन करतो तेव्हा आई शेजारीच बसलेली असते, त्यामुळे तुझ्याशी जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून पत्र. नोव्हेंबरात ती मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. तू म्हणतेस तिला काशीगावला तुझ्या घरी नेते. ती म्हणते, मेले तरी भाईंदरची खोली सोडणार नाही. मी इथून काय करणार? मला जे काम येतं तेच केलं.

माझ्या रूममधला सूरज पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोय. त्याच्याबरोबर आईसाठी एक खोका पाठवतोय. तुला माहीतच आहे, मी इथे बंगल्यांमध्ये अलार्म आणि ऑटोमॅटिक वस्तू बसवतो. काय एकेक घरं आहेत, ताई! मालक रस्त्यात असतानाच मोबाइलवरून घरचा एसी चालू करतो. माणूस खोलीत शिरला की दिवे आपोआप लागतात, बाहेर पडला की विझतात. आणि कॅम्पात आम्ही आठजण एका दिव्याच्या बटणावरून भांडतो. असो.

हा खोका फोनला जोडायचा. त्याच्याबरोबर दोरीत ओवलेलं एक लाल बटण आहे, ते गळ्यात घालायचं. काही झालं तर आईने फक्त ते दाबायचं. उठायला नको, नंबर फिरवायला नको. खोका आपणहून फोन लावतो. पहिला नंबर लागला नाही तर दुसरा, मग तिसरा, मग पुन्हा पहिल्यापासून, अशा तीन फेऱ्या. जो उचलेल त्याला आईच्याच आवाजात भरून ठेवलेला निरोप ऐकू येतो. लाइट गेली तरी आत बॅटरी आहे. पहिला नंबर तुझा मोबाइल टाका, दुसरा भावोजींचा, तिसरा समोरच्या हंसाबेनचा. जागा चार नंबरांची आहे, पण आईच्या फोनवरून परदेशात लागत नाही, म्हणून माझा नको.

ऑगस्टमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. सात महिने काढायचे आहेत, तेवढे हा खोका काढेल. सलोनीला आशीर्वाद.

तुझा,
दिपेश


काशीगाव
२४ जानेवारी २००७

चि. दिपेशला,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझा खोका आला आणि बसलासुद्धा. सूरज बिचारा सुट्टीवर आलेला माणूस, पण रविवारचा अर्धा दिवस आपल्या खोलीत फोनच्या वायरी सोलत बसला. आईने त्याला दोनदा जेवायला वाढलं.

निरोप भरायची वेळ आली तेव्हा जी गंमत झाली ती तू बघायला हवी होतीस. सूरज म्हणाला, "काकी, इथे तोंड करून बोला. मला बरं वाटत नाहीये, लवकर या, मदत करा." आई म्हणाली, "असं कसं बोलू रे? पोरं कामावर असतात. एकदम घाबरतील ना!" मग तिने घसा खाकरला, फोटो काढतायत तसा पदर सारखा केला आणि बोलली, "हॅलो. मी आई बोलतेय. घाबरू नका. सवड झाली की या."

मी म्हटलं, आई, ही मदतीची हाक आहे की साखरपुड्याचं बोलावणं? सूरज इतका हसला की त्याच्या हातातला पेचकस पडला. पुन्हा भरू म्हटलं तर ऐकेना. "मी बोलले ते बरोबर बोलले," म्हणे. तेव्हा तोच निरोप खोक्यात आहे. आणि बटण गळ्यात नाही, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खिळ्याला आहे. प्लास्टिकने मान खाजते, असं तिचं म्हणणं.

बाकी आमचं जुनं मशीन चालूच आहे. दुपारी जेवली की ती मला मिस कॉल देते. पॅकिंगच्या टेबलावर फोन उचललेला सुपरवायझरबाईंना चालत नाही, म्हणून मी एप्रनच्या खिशातल्या खिशात अंगठ्याने कापते. कापला की आईला कळतं मला कळलं, आणि मला कळतं ती जेवली. तुझ्या खोक्यापेक्षा हे बरं, बॅटरीसुद्धा लागत नाही. रागावू नकोस, चिडवतेय.

काशीगावला चल म्हटलं की तिचं एकच असतं, "दिपेश येईल आणि दाराला कुलूप बघेल का?" बाबांनी घेतलेली खोली ती तुझ्यासाठी उघडी ठेवून बसली आहे. ऑगस्ट नक्की ना? तसं लिही, म्हणजे मी तिला वाचून दाखवेन.

तुझी,
ताई


मस्कत
८ फेब्रुवारी २००७

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

आईचा निरोप मी कॅम्पात सगळ्यांना वाचून दाखवला. आता इथे कुणी कुणाला जेवायला बोलावलं तरी म्हणतात, घाबरू नका, सवड झाली की या. राहू दे तोच. आवाज तिचा असला म्हणजे झालं. पण बटण खिळ्याला टांगलेलं असेल तर त्याचा काय उपयोग? चक्कर आल्यावर ती खिळ्यापर्यंत जाणार आहे का? तिला सांग, दिपेशची शपथ आहे, गळ्यात घाल. मान खाजत असेल तर दोरीला सुती कापड शिवून दे.

इथे एका बंगल्यात मालकाच्या म्हाताऱ्या आईच्या खोलीत मी अशी सहा बटणं बसवली आहेत. पलंगाला, बाथरूमला, खुर्चीला. ती दिवसभर दाबत असते. कुणी धावत गेलं की म्हणते, काही नाही, जरा बस. मागच्या आठवड्यात मालकाने मला बोलावून सांगितलं, हिच्या बटणांचा आवाज बंद करून टाक. मी केला. ती अजून दाबते, आणि दाराकडे बघत राहते. काम म्हणून केलं, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

ऑगस्टचं म्हणशील तर ठरल्यासारखंच आहे. आईला तसं वाचून दाखव.

तुझा,
दिपेश


काशीगाव
६ मार्च २००७

चि. दिपेश,
जयभीम.

तुझ्या शपथेने बटण गळ्यात गेलं आणि आमच्या पायांना चाकं लागली. पहिल्यांदा रविवारी संध्याकाळी. मी घरीच होते, फोन उचलला तर आई म्हणतेय, घाबरू नका. अरे, इतकं घाबरायला मला आयुष्यात कधी झालं नव्हतं! घरातल्या गाऊनवर रिक्षात बसले. बघते तर बाईसाहेब नारळ खवत बसल्यात. वाकताना बटण खवणीच्या पाटावर दाबलं गेलं, तिला पत्ताही नाही. मला बघून म्हणाली, "आलीस? बरं झालं, बस."

दुसऱ्यांदा मंगळवारी सकाळी. मी बसमध्ये होते, मला ऐकू आलं नाही, म्हणून खोक्याने सलोनीच्या पप्पांना गाठलं. ते गोदामातून ड्युटी सोडून धावले. आई कुशीवर झोपलेली, बटण अंगाखाली. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर नको नको ते ऐकवलं. तेव्हापासून ते ड्युटीवर फोन बंद करून लॉकरमध्ये ठेवतात. त्यांचं तरी काय चुकलं?

मग मी आईला रागावले. म्हटलं, खरंच काही झालं तरच हात लाव, उगाच लोकांना पळवू नकोस. आता ते बटण ती तापल्या भांड्यासारखं दोन बोटांत धरून पदराआड ठेवते. रागावले त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

तुला सांगू नको म्हणालीय, पण सांगते. सकाळी उठल्यावर तिचा उजवा हात बराच वेळ बधिर असतो. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आहे. मी बुधवारी आणि रविवारी जाते, याच्यापुढे माझ्याने होत नाही रे. घर, पॅकिंग, सलोनीचं बारावीचं वर्ष. मी थकले. आता मशीन नको, माणूस हवा. ऑगस्टचं "ठरल्यासारखं" नको, नक्की लिही.

तुझी,
ताई


मस्कत
२० मार्च २००७

ती. ताईस,
जयभीम.

हाताचं वाचून काही सुचत नाही. मोठ्या डॉक्टरांना दाखव. बटण लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणात बसतं, म्हणजे अंगाखाली आलं तरी दाबलं जाणार नाही, बोट घातलं तरच लागेल. सूरज अजून आठवडाभर तिकडेच आहे, त्याला सांगितलं आहे, इथे परत येण्याआधी करून देईल.

ऑगस्टचं विचारतेस. आमचे साहेब रजेवर आहेत, ते आल्यावर कळेल. तोपर्यंत खोका आहे, आणि तू आहेस.

घाईत आहे, माफ कर.

दिपेश


काशीगाव
२ मे २००७

दिपेश,

फोनवर तुला सगळं सांगता आलं नाही, रडण्यातच गेलं. आता लिहिते.

जयंतीला चौदा तारखेला पांढरी साडी नेसून आई विहारात गेली होती. सगळ्यांना सांगत होती, ऑगस्टमध्ये दिपेश येतोय. बुधवारी, अठराला, मी कामावरून परस्पर तिच्याकडे गेले. सात वाजले असतील. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. ती ओट्याखाली पडली होती, डोळे उघडे, तोंड एका बाजूला गेलेलं. डॉक्टर म्हणाले, दुपारी कधीतरी अर्धांगाचा झटका आला असणार. पहिल्या दोन-तीन तासांत आणलं असतं तर बराच फरक पडला असता. हंसाबेन लग्नाला गुजरातला गेलेल्या, मजल्यावर दुसरं कुणी नाही. पाच-सहा तास ती तशीच पडून होती.

आता उजवी बाजू गेली आहे. वाचा गेली आहे. माणसं ओळखते, पण तोंडातून "अं" याच्यापुढे काही येत नाही. काल तिला काशीगावला आणलं. खोलीला मी कुलूप लावलं, तेव्हा ती रिक्षात बसून माझ्या हाताकडे बघत होती.

तुझा खोका चाललाच नाही.

राजश्री


मस्कत
१४ मे २००७

ताई,

तुझं शेवटचं वाक्य वाचल्यापासून मी माणसात नाही. गोदामात त्याच कंपनीचे पाच खोके होते. रोज ड्युटी संपली की एकेक जोडून बघतोय. बॅटरी काढून, वायर सैल करून, बटण दुसऱ्या खोलीत नेऊन. पाचही चालतात. मग आपलाच कसा चालला नाही? मी पाठवलेला, माझ्या हाताने तपासलेला?

एक कर. खोक्याच्या मागे एक बारीक बटण आहे, त्यावर बोट दाबून धर. पुढचा दिवा लुकलुकेल. शेवटच्या वेळी खोक्याने जितक्या फेऱ्या मारल्या तितक्या वेळा. एकदाही लुकलुकला नाही तर बटण लागलंच नाही, आणि मग तो दोष त्या झाकणाचा, म्हणजे माझा. मला कळू दे. न कळता मला झोप लागणार नाही.

आणि आता जे लपवलं ते सांगतो, नाहीतर याच्यापुढे तुला पत्र लिहायचं मला तोंड नाही. मी ऑगस्टमध्ये येणार नव्हतो. डिसेंबरातच दोन वर्षांसाठी सही केली होती. फोरमन केलं मला. सहीनंतर चौथ्या दिवशी तो खोका विकत घेतला. आईची काळजी होती, ते खोटं नाही. पण मी न येण्याची सोय म्हणून तो पाठवला, हे त्याहून खरं. पडलेल्या बाईला उचलायला, तिचं करायला मी भीत होतो. वाटलं, मशीन करेल, ताई करेल. ती म्हातारी बटण दाबून दाराकडे बघत बसते असं मी तुला लिहिलं होतं ना? लिहिताना आई दिसत होती.

पासपोर्ट कंपनीकडे आहे. मागायला जायची हिंमत होत नाही. मला काय हवं ते बोल. शिव्या दे.

दिपेश


काशीगाव
३ जून २००७

चि. दिपेश,
जयभीम.

शिव्या द्यायला मी कोण?

मागचं बारीक बटण मी खोका पुन्हा जोडायच्या आधीच दाबून बघितलं. दिवा तीनदा लुकलुकला. पण मला दिव्याने सांगायची गरज नव्हती. तुझा खोका चालला होता. मी तुला खोटं लिहिलं.

त्या दिवशी एकला पाच-दहा मिनिटं असतील. खिशात फोन थरथरला. तिची जेवायची वेळ. मी हातातलं पाकीट चिकटवत होते, खिशात अंगठा घातला आणि कापला. मनात म्हटलं, आज जरा लवकर जेवली. पाच मिनिटांनी पुन्हा थरथरला. वाटलं, पहिला लागला नाही असं वाटलं असेल तिला. कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा सुपरवायझरबाई समोरच उभ्या होत्या. मी वैतागून कापला. म्हटलं, काय ही आई, कळलं ना जेवलीस ते! मधल्या वेळात खोक्याने सलोनीच्या पप्पांचा बंद फोन लावला असणार, हंसाबेनच्या रिकाम्या घरात घंटी वाजवली असणार. तीन फेऱ्या, बरोब्बर तू लिहिल्यासारख्या. मग तो गप्प झाला, आणि मी डबा खायला बसले.

खोक्याचा फोन आणि आईचा मिस कॉल एकाच नंबरवरून येणार, हे मार्चमध्येच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. मशीनने हाक मारली आणि मी सवयीने तिला "कळलं" म्हणून सांगितलं.

संध्याकाळी गेले तेव्हा तिच्या डाव्या मुठीत ते बटण होतं. झाकणात बोट अडकलेलं. सोडवायला मला दोन्ही हात लागले. पातेल्यात भात तसाच झाकलेला होता, पान घेतलेलंच नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, सलोनीच्या पप्पांनाही नाही. आईला सगळं माहीत आहे. ती तिथे पडून खोक्यातून ऐकत होती, लागतोय, कापला जातोय, पुन्हा लागतोय. ती माझ्याकडे बघते तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही. ती डाव्या हाताने माझा गाल कुरवाळते. त्यापेक्षा तिने मला थोबाडीत मारावी असं वाटतं, दिपेश.

तू दोन वर्षांची सही केलीस, मी तीनदा फोन कापला. कुणाचं जास्त, ते मोजत बसायला आता माझ्यात ताकद नाही.

तिचा फोन मी भाईंदरहून इथे बदलून घेतला. खोका पुन्हा जोडला. दुपारी सलोनी क्लासला असते, दोन घरं सोडून राहणारी सरूबाई येऊन-जाऊन असते, पण तासभर तरी आई एकटी पडतेच. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, तरी तिला सांगता येत नाही. बटण मात्र दाबता येतं. मग माझ्या खिशात फोन थरथरतो. आता मी उचलते, सुपरवायझरबाईंच्या समोर उचलते. पहिल्या दिवशी त्या ओरडायला आल्या, तेव्हा मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्या ऐकून निघून गेल्या. मी सरूबाईला फोन करून पाठवते, पण त्याआधी निरोप शेवटपर्यंत ऐकते. आईचा आवाज आता जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरला आहे. बरं झालं आपण तो पुन्हा भरला नाही.

तिला ऑगस्टचं अजून काही सांगितलेलं नाही. मुलगा येणार नाही हे त्या डोळ्यांना सांगायला मला जमणार नाही. ते तुझं तू कर.

परवा मी अर्ज देऊन फोनवर परदेशी लागायची सोय करून घेतली आणि खोक्यातली चौथी रिकामी जागा भरली. तिथे तुझा नंबर टाकलाय. आईला समजावून सांगितलं, आम्ही कुणी उचललं नाही तर दिपेशला लागेल. तिला कळलं. कालपासून बटण ती पदराआड ठेवत नाही, मुठीत घेऊन झोपते.

तुझा फोन वाजेल, आज नाहीतर उद्या. शिडीवर असशील, साहेबांसमोर असशील, तरी कापू नकोस. शेवटपर्यंत ऐक. आणि मग तुझी सवड कधी होते ते तिला कळव.

तुझी,
ताई